उम् अवाद यंदा कहक करणार?

रमजानचा सव्विसावा रोजा. उपास सुटायला अजून तीन तास होते, आणि अशा वेळी आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या दारात जात नाही. पण कौसर गेली. उम् अवादच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर, चार पावलांचं अंतर. त्या चार पावलांसाठी बिचारीनं दोन दिवस मनाची तयारी केली असेल. हातात ताटली, ताटलीवर पांढरा रुमाल.

उम् अवादनं दार उघडलं आणि ताटलीकडं बघितलं.

"हे काय गं?"

"काही नाही खाला. कहक. काल आमच्याकडं झाला, म्हटलं तुमच्याकडंही थोडा..."

"तुमच्याकडं झाला, छान झालं. माझ्याकडं कशाला आणलास?"

कौसरनं रुमालाचं टोक सारखं केलं.

"माझ्या घरात कुणी मेलंय का?"

"तसं नाही हो खाला, मी आपलं..."

"मग ने परत. ईदच्या दिवशी ये आणि माझ्या हातचा खा. तुझं मोहन दरवर्षी कच्चं राहतं. रुमालातून वास येतोय पिठाचा."

दार लागलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

कौसर डोळे पुसत घरी गेली. तिचा काय दोष? ती रीतीनंच वागली होती. आमच्याकडं ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलंय, त्या घरी ईदचा कहक, म्हणजे खजूर नाहीतर अक्रोड भरलेली तुपातली बिस्किटं, होत नाही. तूप कढवायचं नाही, पीठ मळायचं नाही, भट्टीवर परात न्यायची नाही. शेजारणी आपापल्या घरचा आणून देतात, म्हणजे त्या घरातली पोरंबाळं ईदला कोरड्या तोंडानं बसत नाहीत. माया असते त्यात. पण ताटली दारात आली म्हणजे या घरचं माणूस गेलं असं गावानं धरलं, आणि ती हातात घेतली म्हणजे घरानंही ते कबूल केलं. उम् अवादला ते कबूल करायचं नव्हतं. जीव गेला तरी करायचं नव्हतं.

तिचा मुलगा अवाद रजब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोट घेऊन गेला होता. बोटीवर सात माणसं, वीस दिवस पुरेल एवढा बर्फ, आणि तोंड पश्चिमेकडं. वीस दिवस झाले, तीस झाले, एकाचाही फोन लागेना. मग पुढच्या, शाबान महिन्यात दुसऱ्या एका बोटीच्या जाळ्यात निळी फळी आली. तिच्यावर पांढऱ्या रंगात बोटीच्या नावाची अर्धी अक्षरं होती, आणि ओळखायला तेवढी पुरेशी होती. त्याच शुक्रवारी इमामांनी समुद्रात गेलेल्यांसाठी नमाज पढला. सहा घरांनी काळं नेसलं. सातवं उम् अवादचं. तिनं मशिदीच्या पायरीवर इमामांना गाठलं होतं.

"फळी आली. बोट आली का?"

"उम् अवाद, अल्लाची मर्जी..."

"अल्लाच्या मर्जीचं मला सांगू नका, मी फळीचं विचारतेय. फळी काय, धडक बसली की निघते. सहा जणांसाठी पढायचं तर पढा, त्यांच्या आया म्हणाल्या असतील. सातव्याचं नाव तोंडातून निघालं तर मी इथून उठणार नाही."

इमामांनी सहाच नावं घेतली. तिच्या तोंडी कोण लागणार?

खरं तर ही बाई मूळची आमच्या गावची नव्हेच. नाव इन्साफ. माहेर नदीच्या वरच्या अंगाला, शेतकऱ्यांत. घरात म्हशी, दूधदुभतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती दमियातच्या खाली, नाईल जिथं समुद्रात शिरते तिथं, आमच्या या मासळीच्या गावात आली. नवरा दुसूकी, बोटीवरचा माणूस, स्वभावानं गरीब. पहिल्याच ईदला सासूनं कहकचं पीठ भिजवलं, त्यात हात घालून ही नवी नवरी म्हणाली, "आई, हे खायचं आहे की याची भिंत बांधायची आहे?" सासूनं तोंडावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या वर्षी परात इन्साफच्या पुढं सरकवली, आणि तिसऱ्या वर्षापासून गल्लीतल्या बायका तिला बोलवायला यायला लागल्या. अवाद झाला तशी ती अवादची आई, म्हणजे उम् अवाद झाली, आणि उम् अवादचा हात लागल्याशिवाय पीठ भिजवायचं नाही अशी गावात पद्धतच पडली.

कहकचं सगळं काही मोहनात आहे. तूप कडकडीत हवं, पण धूर निघाला की गेलं. ते पिठावर ओतायचं, चमच्यानं हलवायचं, आणि मग दोन तळव्यांत पीठ घेऊन चोळत बसायचं. कणान् कणाला तूप लागलं पाहिजे. मूठ आवळली तर मुटका राहावा, बोट लावलं तर सुटावा. दुसऱ्या बायका दहा मिनिटांत कंटाळतात. उम् अवाद अर्धा तास चोळायची, तीस वर्षं चोळत आली, आणि त्या अर्ध्या तासात त्या घरच्या सुनेला चार गोष्टी ऐकवायची त्या वेगळ्या. "चिमटा असा धरतेस, मासा पकडतेस का? नक्षी काढायची आहे, जीव घ्यायचा नाही." सुना तिला टरकून असत. पण बोलवायचं तिलाच.

आणि ही बाई ताटली का घेत नव्हती, त्यालाही कारण होतं. उगीच हट्ट नव्हता तो. अवाद सात वर्षांचा असताना दुसूकीची बोट अशीच गेली होती. पाच महिने पत्ता नाही. गावानं त्याला बुडवून टाकलं होतं, दारात ताटल्या आल्या होत्या. तेव्हाही तिनं सगळ्या परत लावल्या आणि तीन पराती कहक केला. गावानं छीथू केली. नवरा समुद्रात आणि बाई तुपात, असं बायका तोंडावर म्हणाल्या. आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी दुसूकी चालत गल्लीत आला. दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरले म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर पकडून ठेवलं होतं त्यांना. छातीपर्यंत दाढी, पायात कुणाच्या तरी चपला. दारात बसूनच त्यानं अकरा कहक खाल्ले. पुढं बऱ्याच वर्षांनी तो घरातच, अंथरुणावर, पोटाच्या आजारानं गेला. त्या वर्षी तिनं गुपचूप काळं नेसलं, आलेली प्रत्येक ताटली घेतली आणि पिठाला शिवलीही नाही. रीत तिला माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये.

आता यंदाचं बघा. अख्खा रमजान सरत आला, पण एकाही घरातून उम् अवादला मोहनासाठी बोलावणं आलं नाही. ज्या घरावर सुतकाची सावली आहे, तिथल्या बाईला ईदच्या पिठाला कोण बोलावणार? कुणी बोललं नाही, पण तिला काय कळत नव्हतं? सगळीकडून तुपाचा वास यायचा आणि हिचे हात रिकामे. तिच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी उठून गच्चीवर जायची, नदीच्या मुखाकडं बघायची, खाली यायची. दार उघडायची, लावायची. फोन बघायची, कानाला लावायची, ठेवायची, पुन्हा उचलून चार्जिंग आहे ना बघायची. धुतलेल्या पराती धुवायची. एक दिवस तर जिना चढली आणि कशाला चढले ते आठवेना म्हणून वरच उभी राहिली.

घरात ती आणि सून शैमा, दोघीच. शैमा चोविशीची, लग्नाला तीन वर्षं, मूलबाळ नाही. पोरगी शांत. फळी सापडली त्या दिवशी तिनं ट्रंकेतून काळा झगा काढून अंगात घातला होता आणि सासूनं तो भर दुपारी ओढून काढायला लावला होता. तेव्हापासून शैमा मधलेच रंग घालायची, तपकिरी, राखाडी. कुणी तिला विचारलं, काय गं, काही बातमी? तर म्हणायची, "आईंना विचारा."

कौसर ताटली परत घेऊन गेली, त्या संध्याकाळी उपास सुटल्यावर सासू म्हणाली, "शैमा, उद्या दुकानातून पीठ आण. पाच किलो. मसाला माझ्याकडं आहे. तूप पुरेल."

शैमाच्या हातातला घास हातातच राहिला. "आई..."

"काय आई?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं डोंबल! त्यांनी माझा नवरा एकदा पुरलाय. तो आला की नाही?"

"ते आले. पण तेव्हा फळी नव्हती आली, आई."

बास. एवढंच म्हणाली ती. उम् अवादनं ताट बाजूला सारलं आणि उठली. खोलीत दोन येरझाऱ्या मारल्या. मग दारातून वळून म्हणाली, "तुला तुझ्या आईकडं जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण जायच्या आधी पीठ आणून दे."

शैमा गेली नाही. दुसऱ्या दिवशी पीठ आणलं.

आता ही गोष्ट नुसती एका घराची असती तर गावानं कानाडोळा केला असता. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून सोडून दिलं असतं. पण बोट एकच होती ना! अवाद जिवंत तर सगळे जिवंत. उम् अवादच्या चुलीवर तूप चढलं, तर सहा घरांनी आपली माणसं घाईनं पुरली असा त्याचा अर्थ. सहा बायकांनी रडून रडून कसंबसं मन आवळलं होतं, त्या गाठी ही सोडायला निघाली होती. सत्ताविसाव्या रोज्याला दुकानात, भट्टीवर, नळावर एकच विषय. उम् अवाद यंदा कहक करणार? खरंच करणार? अगं, पीठ नेलंय सुनेनं, पाच किलो!

अठ्ठाविसाव्याला सकाळी दहा वाजता तिनं तूप चढवलं.

त्या तुपाचा वास गल्लीत पसरला. म्हशीचं, माहेराहून येणारं, कढताना अख्ख्या गल्लीला कळतं असं तूप. कौसरच्या घरात बोलणं थांबलं. समोरच्या खिडकीची एक फळी उघडली आणि लागली. कुणीतरी पोराला मोठ्यानं ओरडलं आणि मग एकदम गप्प झालं.

आत उम् अवाद एकटीच बोलत होती. शैमा ऐकत होती की नाही याची तिला पर्वा नव्हती. "दोन पराती खजुराच्या, एक अक्रोडाची. अवादला अक्रोडाचा आवडतो, बापावर गेलाय. तीळ भाजलेस का? भाज. मंद. मागच्या वर्षी सगळे काळे केलेस. पकडून ठेवलं असेल तर ईदला सोडतात, त्यांच्याकडंही ईद आहेच की. तिकडून यायला दोन दिवस. तीन धर. हलव गं ते, बघत काय बसलीस?" पीठ तिनं तीनदा चाळलं. त्यात चाळण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्यांदा चाळून झाल्यावर पुन्हा चाळणी उचलली, तेव्हा शैमानं ती हळूच काढून घेतली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कौसर असेल तर हाकलून दे," उम् अवाद म्हणाली.

कौसर नव्हती. रतीबा होती. डोक्यावर मोठं अॅल्युमिनियमचं घमेलं, घमेल्यात पीठ, एका हातात तुपाचा डबा.

रतीबा कोण ते सांगायला हवं. गावच्या टोकाला राहणारी विधवा, पन्नाशीची, पाठीत वाकलेली. नवरा गेला तेव्हा तीन लेकरं पदरात. त्या वर्षी ईदला पोरं रडायला लागली म्हणून तिनं वर्ष पुरं व्हायच्या आत, दार लावून, मूठभर कहक केला होता. वास लपतो थोडाच? उम् अवादनं चारचौघींत, नळावर, तिची बिनपाण्यानं केली. "नवऱ्याची माती ओली आहे आणि हिला गोड सुचतंय!" रतीबा घागर उचलून घरी गेली. पुढं कित्येक वर्षं उम् अवाद दिसली की रस्ता बदलायची. तीच रतीबा जुनं सगळं गिळून, गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा उम् अवादच्या पायरीवर येऊन बसली. धाकटा सामिह एकोणीस वर्षांचा झाला, काम नाही, दिवसभर कट्ट्यावर बसतो. अवादला सांगून त्याला बोटीवर घ्यायला लाव, म्हणाली. जुन्या बोलण्याची टोचणी उम् अवादलाही होती. तिनं अवादला सांगितलं. रजबमधली ती फेरी सामिहची पहिलीच.

रतीबा अंगावरच्या काळ्या झग्यानिशी दारात उभी राहिली. धापा टाकत होती. डोक्यावरचं घमेलं उतरवायला शैमा पुढं झाली, तर रतीबानं ते आधी घट्ट धरलं, मग सोडलं.

"वास आला मला," रतीबा म्हणाली. "टोकापर्यंत येतोय. मी धावतच आले."

"भांडायला आलीस?" उम् अवादनं विचारलं. त्या सहा घरांतून कुणीतरी भांडायला येणार, हे तिनं धरलंच होतं. उत्तरंही तयार होती.

"भांडू कशाला? माझंही चोळून दे."

"काय?"

"पीठ. माझंही मोहन घालून दे तुझ्याबरोबर. मला तुझ्यासारखं जमत नाही. सामिहला तुझ्या हातचाच आवडतो, लहानपणापासून. कुणाच्या घरी तू चोळून गेलीस की त्या घरी जाऊन बसायचा मेला." रतीबा हसली. खरंच हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत, ते सगळं दिसलं. "मी नमाज पढू दिला गं त्याच्या नावानं. अक्कल गहाण पडली होती माझी. सगळ्या म्हणाल्या, मीही म्हणाले. तू एकटी ठाम राहिलीस. मी रोज बघायची, उम् अवादनं काळं नेसलं का? नाही नेसलं. म्हणजे हिला काहीतरी कळलंय. आणि आज तूप चढवलंस!"

शेगडीवर तूप बुडबुडायला लागलं होतं.

"हा झगा आता घरी गेले की काढते," रतीबा म्हणाली. "आधी म्हटलं, पीठ देऊन यावं. सामिहला खजुराचा कर. थोडा जास्त कर, बारीक झाला असेल. तिकडं खायला देतात का गं नीट? तुझ्या नवऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"देतात," उम् अवाद म्हणाली.

"घाल मग. घाल तूप." रतीबा फरशीवर बसली, घमेलं ढकलत उम् अवादच्या गुडघ्यापाशी आणलं आणि बाह्या वर सारल्या. "तुझ्या शब्दावर मी त्याला बोटीवर पाठवला. आता तुझ्याच शब्दावर पीठ आणलंय. तू एकदा म्हण, आहेत म्हणून. मी काही विचारणार नाही दुसरं."

हे उम् अवादनं पंचवीस जणांना सांगितलं होतं. इमामांना, कौसरला, नळावरच्या बायकांना, फोनवर माहेरच्या भावांना. आहेत. पकडून ठेवलंय. येतील. छाती पुढं काढून सांगितलं होतं, भांडून सांगितलं होतं. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांच्या तोंडावर ते फेकणं सोपं होतं. इथं ही बाई पदर पसरून मागत होती, आणि हिचा विश्वास बसणार होता. ही घरी जाऊन काळा झगा काढणार होती. अंथरूण घालून ठेवणार होती पोराचं.

उम् अवादनं तुपाचं भांडं फडक्यानं धरून उचललं. रतीबाच्या पिठावर आणलं. धरलं. भांड्याची कड घमेल्याच्या कडेला टेकवली.

"ओत ना," रतीबा म्हणाली.

तिनं भांडं परत शेगडीवर ठेवलं.

"काय झालं? गार झालं का?"

"रतीबा," उम् अवाद म्हणाली, "पीठ घरी घेऊन जा."

"का? माझं पीठ चांगलं नाही? नवीन आणलंय, काल दळलेलं..."

"पीठ चांगलं आहे. घरी ने."

"मग संध्याकाळी येऊ का? तुझ्या पराती झाल्या की?"

"येऊ नकोस. झगा काढू नकोस." उम् अवादनं रतीबाच्या उघड्या मनगटावरची बाही धरली आणि खाली ओढली, लहान मुलाची ओढतात तशी. दुसऱ्या हाताचीही ओढली. "नको काढूस, बये."

रतीबाचं हसू हळूहळू गेलं, आणि ते गेलेलं बघायला नको म्हणून शैमानं तोंड भिंतीकडं केलं.

"मग तू इतके दिवस सगळ्यांना का सांगत होतीस?" रतीबानं विचारलं. ओरडली नाही, रागानंही नाही, खरंच विचारलं. "तुला माहीत होतं?"

"नाही गं," उम् अवाद म्हणाली. "मला तरी कुठं माहीत होतं? मला आत्ता कळलं."

तूप धुरावर आलं होतं. शैमानं पुढं होऊन शेगडी बंद केली.